कोरड्या प्रांतीच्या समुद्रकथा

नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावी एक जुना तलाव आहे. त्याचे नाव ‘जगत्तुंग समुद्र’. राष्ट्रकूट घराण्यात ‘जगत्तुंग’ हे बिरुद मिरविणारे राजे होऊन गेले. त्यांच्या नावाची ही आठवण. दहाव्या शतकात होऊन गेलेल्या तृतीय कृष्णाच्या काळातील एक शिलालेख याच कंधारास सापडला आहे, त्यातही या समुद्राचा उल्लेख येतो. कंधारहून कोणत्याही दिशेस निघाले तरी खरा समुद्र शेकडो मैल दूर. राजाने किंवा त्याच्या कवीने हे नाव केवळ शोभेसाठी योजिले असेल. परंतु हजार वर्षे ते जिभेवर वागविले ते मात्र ज्यांनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा लोकांनी. ही खोड आमच्या प्रांतातून अद्यापि गेलेली नाही. पैठणास गोदावरी अडविली, त्या पाण्यास ‘नाथसागर’ म्हटले. नांदेडजवळ विष्णुपुरीस अडविली, त्यास ‘शंकरसागर’ म्हटले. ज्या मुलखात उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, त्या मुलखात सागर आणि समुद्र हे शब्द इतके सढळ हाताने वापरले जावेत याचे आम्हांस लहानपणापासून नवल वाटत आले आहे.

हे सर्व आज आठवण्यास एक लहानसे कारण घडले. आमचे मूळ गाव लोहा. पूर्वी ते कंधार तालुक्यातच मोडत असे. आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तेथील जुन्या घरी गेलो होतो. आमच्या पुतण्याचा अकरा वर्षांचा मुलगा ओसरीवर पालथा पडून एक पुस्तक वाचीत होता. फराळाचे ताट बाजूस तसेच होते, आणि चकलीचा तुकडा हातात धरल्याला बराच वेळ लोटला असावा. आम्ही पुस्तक उचलून चाळले. पाहतो तो शेवटचे पान प्रथम, प्रथमचे पान शेवटी. चित्रेच चित्रे, आणि त्यांतून पांढऱ्या फुग्यांत कोंबलेले इंग्रजी संवाद.

“आबा, तुम्ही पुस्तक उलटं धरलंय,” तो म्हणाला. “हे उजवीकडनं वाचायचं असतंय.”

ते पुस्तक जपानी चित्रकथेचे इंग्रजी भाषांतर होते. जपानात अशा चित्रकथांस ‘मांगा’ म्हणतात. कथेतील लिंक नावाचा एक मुलगा जहाजावरून प्रवास करीत आहे. धुक्यातून एक भुताचे जहाज येते, त्याची सखी टेट्रा त्यावर चढते आणि नाहीशी होते. तिच्यामागे झेप घेणारा लिंक समुद्रात पडतो व एका अनोळखी बेटाच्या वाळूवर शुद्धीवर येतो. पुढे सिएला नावाची एक चिमुकली परी, ओशस नावाचा एक गूढ म्हातारा, आणि लाइनबेक नावाचा एक बढाईखोर, भित्रा, खजिन्याचा लोभी नाखवा यांच्या सोबतीने त्याचा शोध सुरू होतो. याच कथेचा खेळ संगणकाच्या धर्तीवरील एका हातात मावणाऱ्या यंत्रावर जपानात २००७ साली निघाला. खेळावरून अकिरा हिमेकावा यांनी चित्रकथा केली. ती शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने २००९ साली पुस्तकरूपाने काढली, आणि पुढील वर्षी तिचे इंग्रजी रूप निघाले. अकिरा हिमेकावा हे एका व्यक्तीचे नाव नसून दोन स्त्री-चित्रकारांनी मिळून घेतलेले टोपणनाव आहे.

प्रथम आमच्या मनात आले ते बहुतेक सुशिक्षित वडीलधाऱ्यांच्या मनात येईल तेच. खेळण्याचा धंदा करणाऱ्यांनी खेळणे विकण्यासाठी कथा रचावी, तिच्यावरून पुन्हा चित्रांचे पुस्तक निघावे, ते परदेशी भाषेत उतरून आमच्या लोह्यास यावे आणि मुलाने त्यापायी चकली विसरावी, याला वाङ्मय कसे म्हणावे? आम्ही तसे बोलूनही दाखविणार होतो. परंतु उजव्या बाजूने उघडणारे ते पुस्तक हातात असतानाच दुसरे एक पुस्तक आठवले, आणि आम्ही गप्प बसलो.

आमचे आजोबा निजामी अमदानीत गावचे पटवारी होते. हैदराबाद संस्थान १९४८ साली सप्टेंबरात भारतात विलीन झाले. तोवर मराठवाड्यातील मुलास शिकून पुढे जायचे तर उर्दूचाच दरवाजा होता. आजोबांच्या लाकडी पेटीत मोडी कागदांच्या खाली एक फाटके उर्दू पुस्तक असे. तेही उजवीकडूनच उघडे. त्यात ‘सिंदबाद जहाजी’ची कथा होती. पावसाळ्याच्या रात्री कंदिलाशी बसून आजोबा त्या पुस्तकावर नजर ठेवीत आणि तोंडाने मात्र मराठीत सांगत. नजर उजवीकडून डावीकडे चाललेली, वाणी मराठीत चाललेली, आणि ऐकणारे आम्ही पाच-सहा जण, ज्यांपैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता. सांगणाऱ्यानेही पाहिला नव्हता, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

तेव्हा समुद्रकथा आमच्या कोरड्या प्रांती येतात कशा, कोणत्या भाषांच्या खांद्यांवरून येतात, आणि येताना त्यांचे काय होते, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्याचा इतिहास पाहू गेल्यास तो अपेक्षेहून फार जवळ, थेट जगत्तुंग समुद्राच्या काठापर्यंत येऊन भिडतो.

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या-दहाव्या शतकांतील अरब प्रवासी व व्यापारी या राजांस ‘बल्हारा’ म्हणत. ‘वल्लभराज’ या बिरुदाचे ते अरबी रूप होय. इ. स. ८५१ च्या सुमाराचा, सुलेमान नामक व्यापाऱ्याच्या नावाशी निगडित असलेला एक अरबी वृत्तान्त उपलब्ध आहे. त्यात हिंदुस्थानातील सर्व राजांमध्ये बल्हारा श्रेष्ठ असून त्याचा अरबांवर मोठा लोभ असल्याचे सांगितले आहे. जगातील चार थोर राजांत खलिफा, चीनचा बादशहा व रूमचा बादशहा यांच्या पंक्तीस त्याला बसविले आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा इतिहासकार कोकणातील सैमूर, म्हणजे आपले चौल, येथे येऊन गेला. तेथे स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याने पाहिली. किनाऱ्यावर हे चालले असता घाटावर त्याच घराण्याचे सामंत व कारागीर कंधारसारख्या ठाण्यांत देवळे आणि तळी बांधीत होते.

आणि याच काळात, याच अरब-इराणी खलाशांच्या तोंडी त्या कथा घोळत होत्या ज्यांतून पुढे सिंदबाद जन्मास आला. बुझुर्ग इब्न शहरियार या इराणी नाखव्याच्या नावावर असलेला ‘अजायब अल्-हिंद’, अर्थात ‘हिंदची नवले’, हा दहाव्या शतकातील संग्रह पाहावा. बेट समजून कासवाच्या पाठीवर उतरलेली माणसे, प्रचंड पक्ष्याच्या पायाला लोंबकळून सुटलेला तारूफुटा मनुष्य, ही सारी मंडळी तेथे आहेत, आणि सैमूरचे नावही तेथे आहे. सिंदबादच्या पहिल्या सफरीत बेट म्हणून ज्यावर चूल पेटविली जाते तो देवमासा, आणि पुढील सफरीत त्याला उचलून नेणारा रुख पक्षी, यांचे हे सख्खे भाऊबंद होत. ‘नाखवा’ हा आपला शब्दच पाहा. फारसी ‘नाखुदा’ वरून तो आला. म्हणजे कथेबरोबर कथा सांगणाराही आपल्या भाषेत उतरून राहिला. तेव्हा सिंदबाद हा आम्हांस अगदीच परका नाही. ज्या समुद्रावर तो हिंडला त्याचा एक काठ आमच्या राजांचा होता. मात्र त्या राजांच्या अंतर्भागातील प्रजेस समुद्र कळला तो मालाच्या गोण्यांतून आणि ऐकीव गोष्टींतून.

सिंदबादच्या कथेची एक मांडणी या ठिकाणी विसरता येत नाही. तेथे सिंदबाद दोन आहेत. एक खलाशी, सात सफरी करून श्रीमंत झालेला. दुसरा हमाल, उन्हातान्हात ओझी वाहणारा, बगदादच्या रस्त्यांपलीकडे काही न पाहिलेला. हमाल त्याच्या दाराशी ओझे टेकून दैवाला बोल लावतो. खलाशी त्याला आत बोलावतो, जेवू घालतो, एकेका दिवशी एकेक सफर सांगतो आणि जाताना शंभर मोहरा हातावर ठेवतो. समुद्रकथा ही समुद्रावर सांगितलीच जात नाही. ती जमिनीवर, जमिनीवरच्या माणसास सांगितली जाते. खलाशाला तिची गरज नाही, त्याच्या कपाळी खरे तुफान असते. गरज आहे ती हमालाला. आम्ही मराठवाड्यातील मुले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तो हमाल सिंदबाद होतो, असे आम्हांस आता वाटते.

पुढे ही कथा फिरली ती खलाशाहूनही अधिक. तिचा ‘अरेबियन नाइट्स’शी मूळचा संबंध नव्हता. अँत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने १७०१ च्या सुमारास सिंदबादचे स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि १७०४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात त्याला जागा करून दिली. तेव्हापासून सिंदबाद त्या घरचा झाला. फ्रेंचवरून इंग्रजी, आणि इंग्रजीवरून, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, मराठी. ते काम आरंभिले कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने. मेघदूत मराठीत आणणारे आणि मराठी व्याकरणावर निबंध लिहिणारे हे शास्त्रीबोवा. त्या काळच्या एखाद्या सोवळ्या वाचकाने विचारलेही असेल की, जिन्न, जादूगार आणि खलाशी यांच्या गप्पांत एवढ्या विद्वानाने आपली लेखणी का झिजवावी? परंतु शास्त्रीबोवांनी ती झिजविली म्हणूनच परकी वस्तू घरची झाली. मूळ अरबी, मधे फ्रेंच, मग इंग्रजी, शेवटी मराठी, इतक्या बंदरांवर माल उतरला तरी मुंबई-पुण्याकडील घरांत तो आजीच्या गोष्टीसारखा सांगितला जाऊ लागला. निजामी मुलखात मात्र आमच्या आजोबांच्या वाट्यास उर्दूच आली, आणि त्यांना मराठीकरणाचे काम रोज रात्री तोंडाने करावे लागले.

आमच्या पिढीचे भाग्य यापेक्षा चांगले. आम्ही शाळेत गेलो तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात आला होता आणि पुस्तके मराठी होती. १९५२ पासून निघणारा मराठी ‘चांदोबा’ जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांनी आमच्याकडे येई. पाठ्यपुस्तक मंडळाचा ‘किशोर’ १९७१ साली सुरू झाला, तो शाळेत येत असे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठी मुलांच्या हाती दिल्या होत्या. पाणबुडी प्रथम आम्ही पाहिली ती त्यांच्या मराठीतून. सिंदबादच्या सात सफरींचे एक संक्षिप्त पुस्तकही आमच्याकडे होते, आणि ते डावीकडून उघडत असे याचा आजोबांस फार आनंद वाटे.

त्या पुस्तकांतील एक शब्द आमच्या मनात जन्मभराचा रुतून बसला आहे. बेट दिसताच खलाशी ‘नांगर टाकीत’. आम्हांस नांगर ठाऊक होता तो एकच, बाभळीच्या लाकडाचा, काळ्या रानात बैलांमागे चालणारा. जहाजावर नांगर कशाला, आणि तो पाण्यात टाकून काय नांगरीत असतील, या विचाराने आम्ही कित्येक रात्री समुद्राच्या तळाशी तासे पडलेली पाहिली आहेत. खरा अर्थ पुढे मुंबईस भाऊच्या धक्क्यावर कळला. परंतु आमच्या कल्पनेतील समुद्र त्या चुकीनेच आमचा झाला होता. तो कोकणातल्या मुलाचा समुद्र नव्हता. आमच्या शेतातून निघून आमच्याच मातीत मिळणारा होता. परक्या कथेला आपल्या भाषेत आणण्याचा मुख्य लाभ हाच आम्ही मानतो. शब्द आपला असला की मूल त्याला आपल्या अंगणातला अर्थ लावते, आणि तो चुकीचा असला तरी कथा तेथे मूळ धरते.

आता त्या जपानी कथेकडे वळू. ज्या निन्टेन्डो कंपनीच्या खेळावरून ती उतरली, ती १८८९ साली क्योतो येथे पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झाली. फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ पत्ते ती विकत असे. पत्त्यांवरून ती खेळण्यांकडे व खेळण्यांवरून यंत्रांकडे गेली. लिंक या बालवीराचा पहिला खेळ १९८६ साली निघाला. त्याच्या कर्त्यांपैकी प्रमुख शिगेरू मियामोतो हे क्योतोजवळील सोनोबे या गावचे. तेही गाव समुद्रकाठचे नव्हे. लहानपणी टेकड्यांतून, गुहांतून एकटे हिंडत असता अकस्मात एक तळे दृष्टीस पडले, त्या आश्चर्यातून आपल्या खेळाची कल्पना निघाली, असे त्यांनी सांगितलेले आहे. हे वाचून आम्हांस जगत्तुंग समुद्राचा बांध चढताना होणारा आनंद आठवला. चढण संपते आणि एकाएकी पाणी! जगातील लक्षावधी मुलांना खिळवून ठेवणाऱ्या या अद्भुताचे बीज एका अंतर्भागातील मुलाच्या तळ्यात सापडावे, हे आमच्या मते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या मालिकेतील २००२ च्या अखेरीस निघालेल्या खेळात जुने राज्य समुद्राखाली बुडून गेलेले आहे. डोंगरांचे माथे तेवढे बेटे म्हणून वर उरले आहेत आणि त्यांवर राहणारी मुले पायाखाली काय आहे हे विसरून गेली आहेत. २००७ चा खेळ, आणि त्यावरून झालेली ही चित्रकथा, याच समुद्रप्रवासाचा पुढील भाग होय. नाथसागराखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ज्याने ऐकल्या आहेत, पाणी ओसरले की जुन्या देवळाचा कळस दिसतो असे ज्याला आजीने सांगितले आहे, त्या मुलास ही कल्पना जपानी मुलाहून कमी उमजेल असे म्हणवत नाही.

खेळ आणि कथा यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि येथेच या चित्रकथाकारांच्या कर्तबगारीची कसोटी लागते. खेळात मूल स्वतःच लिंक असते. यंत्राच्या पडद्यावरील सागरी नकाशावर ते लेखणीने आपल्या जहाजाचा मार्ग रेखाटते, वाटेत दिसलेल्या खुणा तेथेच टिपून ठेवते आणि त्या रेषेवरून जहाज चालू लागते. खेळातला लिंक बोलत नाही. कारण त्याच्या वतीने बोलायचे, ठरवायचे ते मुलाने. तेथील समुद्रराजाच्या मंदिरात उतरणाऱ्याचे प्राण हळूहळू शोषले जातात. जवळच्या वालुकायंत्रात वाळू आहे तोवर तो सुरक्षित. त्या मंदिरात पुनःपुन्हा उतरावे लागते. चुकले तर मरण, परंतु ते मरण खोटे. कळ दाबली की सारे पुन्हा पहिल्यापासून. चित्रकथेस हे चालत नाही. तिला दोनशेच्या आतबाहेर पाने मिळालेली. तीत एकच गोष्ट चाळीस वेळा होऊ शकत नाही, ती एकदाच व्हावी लागते. आणि जी एकदाच होते तिलाच परिणाम असतो. म्हणून चित्रकथेतला लिंक बोलू लागतो. तो भितो, रागावतो, मोठ्या वीरांच्या गोष्टी ऐकून आपण तसे आहोत काय असे स्वतःस विचारतो. भित्र्या लाइनबेकला शेवटी आपल्या भित्रेपणाशी गाठ घालावी लागते. खेळातील मुलाने जे करायचे ते कथेतील माणसांनी केले, आणि मूल पुन्हा ऐकणारा झाले. खलाशी होते ते हमाल झाले. काही हरपले खरे. परंतु दुसऱ्याचे ऐकून त्याच्यासाठी जीव टांगणीला लावणे, हे जे हमालाचे सुख, ते त्याला पुन्हा मिळाले.

तेव्हा ‘हे वाङ्मय कसे?’ हा आमचा पहिला आक्षेप आम्ही मागे घेतो. सिंदबादही एकेकाळी बाजारातल्या गप्पांतून आला, गालाँने त्याला दुसऱ्याच ग्रंथात घुसविले, आणि पुस्तकविक्यांनी त्याचे पैसे केले. कोणत्या मार्गाने आली यावरून कथेची जात ठरत नाही. व्यापाराविषयीचा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे नव्हे. मुलाने कथेकडून यंत्राकडे आणि यंत्राकडून दुकानाकडे वळावे हा हेतू तेथे आहेच, आणि पालकांनी त्याविषयी सावध असावे. परंतु आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो जपानी चित्रकारांवर नाही, आमच्यावरच आहे.

आजोबांचे पुस्तक उर्दू, आमचे मराठी, आणि या मुलाचे इंग्रजी. तीन पिढ्यांत तीन भाषा, त्यांपैकी मधली एकच आमची. आजोबांवर उर्दूची सक्ती राज्यकर्त्यांनी केली होती. या मुलावर इंग्रजीची सक्ती कोणी केली? आम्हीच, आमच्यासारख्या पदवीधर घरांनी. मराठी पुस्तक मुलाच्या हाती देताना आम्हांस कमीपणा वाटतो आणि इंग्रजी पुस्तक देताना कर्तव्य पार पाडल्याचे समाधान. मग मराठी प्रकाशकाने जपानी कथेचे हक्क घेऊन, चित्रे छापून, भाषांतर करवून ते कोणासाठी विकावे? पूर्वी आम्ही म्हणत असू की, अशा कथांस मराठी अपुरी पडेल. हे विधान तपासून पाहावे म्हणून आम्ही त्या पुस्तकाच्या नावापासूनच आरंभ केला. इंग्रजी नावात भुताटकीची छटा असलेला एक शब्द आणि वाळूचे घड्याळ असे दोन पदार्थ आहेत. मूळ जपानी नावात मात्र भूत नाही. तेथे ‘स्वप्न’ आणि ‘माया’ अशा अर्थांची दोन अक्षरे जोडून आली आहेत. बौद्ध ग्रंथांच्या मार्गाने चीन-जपानात गेलेली ही कल्पनांची जोडी मुळात आमच्याकडचीच. ‘मायेचे घटिकापात्र’ असे म्हटले तर वाळूऐवजी पाणी येते खरे, पण इंग्रजीने जे गमावले ते मराठीत आपोआप परत येते. म्हणजे भाषा अपुरी नाही. तिच्यासाठी लेखणी झिजविणारा शास्त्रीबोवा आज नाही, आणि त्याचे पुस्तक विकत घेणारे आम्ही त्याहून नाही.

हे सर्व आम्ही त्या मुलास अर्थातच सांगितले नाही. रात्री अंथरुणे पडली. त्याची सहा वर्षांची धाकटी बहीण पुस्तकावर ओणवून चित्रांतल्या जहाजांवर बोट फिरवीत होती. तिला इंग्रजी येत नाही. “दादा, सांग की,” तिने हट्ट धरला. तो प्रथम कुरकुरला आणि मग सांगू लागला. नजर उजवीकडून डावीकडे, वाणी मराठीत. भुताचं जहाज आलं, धुकं पडलं, ती पोरगी गेली, हा पाण्यात पडला. बेलम नावाच्या राक्षसाचे वर्णन त्याने आमच्या घरामागच्या विहिरीतल्या कासवावरून वाढवून वाढवून केले. पुस्तकातल्या राक्षसाचे कासवाशी काही साम्य नव्हते. आम्ही कंदिलाच्या जागी लागलेल्या विजेच्या दिव्याखाली डोळे मिटून पडलो होतो.

“मग बेट आलं,” तो म्हणाला, “आणि त्यांनी अँकर टाकला.”

“अँकर म्हंजे काय रं?”

तो अडला. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही डोळे न उघडताच म्हणालो, “नांगर.”

पोर खदखदून हसली. “पाण्यात नांगर?” मग थोडा वेळ गप्प राहिली. अंधारात तिचा विचार चाललेला जणू आम्हांस ऐकू येत होता. “आबा,” ती शेवटी म्हणाली, “मग तिथं काय पेरत्यात?”

आम्ही उत्तर दिले नाही. भाऊच्या धक्क्याची हकीकत सांगून तिचा समुद्र इतक्या लवकर खरा करण्याची आमची इच्छा नव्हती. सकाळी आम्ही त्या दोघांस घेऊन कंधारास गेलो आणि जगत्तुंग समुद्राचा बांध चढलो. पाणी त्या वर्षी चांगले होते. मुलगा पुस्तक बरोबर घेऊन आला होता. ते उघडण्याची त्याला आठवण झाली नाही. मुलगी मात्र काठाशी उकिडवी बसून तळाशी काही उगवले आहे काय, हे बराच वेळ निरखून पाहत होती.